कैद्याकडे काय उरतं?

एखाद्याचं स्वातंत्र्य हिरावून घेणं म्हणजे काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये फारच सोपं करून टाकलं होतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्ध कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी दाद मागितली. बहुमताचं म्हणणं असं, की अनुच्छेद 21 मधलं स्वातंत्र्य म्हणजे शरीराला अटकाव नसणं. आणि संसदेने कायद्यात घालून दिलेली पद्धत पाळली की झालं. ती पद्धत न्याय्य आहे का, हे कोर्टाने विचारायचं नाही. बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. मसुद्यातून 'ड्यू प्रोसेस' (न्याय्य कार्यपद्धती) हे शब्द गेल्याने संसदेला मोकळं रान मिळाल्याचं त्यांनी सप्टेंबर 1949 मध्ये घटना समितीत मान्य केलं. भरपाई म्हणून त्यांनी आजचा अनुच्छेद 22 मांडला: वकील मिळेल, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागेल. पण हे संरक्षण स्थानबद्धांना नव्हतं.

मग आला खरक सिंग. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला उत्तर प्रदेशातला माणूस. पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट उघडली. तो घरी आहे का हे पाहायला रात्री-अपरात्री दार ठोठावायचे. कोठडी नाही, बेडी नाही. तरीही कोर्टाने 1962 मध्ये त्या रात्रीच्या फेऱ्या रद्द केल्या. बाकीची पाळत मात्र चालू दिली, आणि तिथे निकाल लंगडा पडला. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं: ज्याच्या पावलापावलावर नजर आहे, तो मोकळा कसा?

याच सुब्बा रावांसमोर 1965 मध्ये एक मराठी पुस्तक आलं. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी मुंबईच्या तुरुंगात, सरकारच्या परवानगीनेच, 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं होतं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला महाराष्ट्र सरकारने नकार दिला. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला नियमांत दिलेल्या सवलती तेवढ्याच मिळतात आणि पुस्तक छापणं त्या यादीत नाही. कोर्टाने विचारलं, मग जेवण देण्याची अट नसती तर त्याला उपाशी मारता आलं असतं का? ते नियम म्हणजे सवलती नव्हेत, बंधनं आहेत. कायद्याने जे काढून घेतलं नाही, ते कैद्याचंच. अनुच्छेद 21 वरचे गाजलेले निकाल पुष्कळ आहेत, पण मला हा छोटा निकाल त्या सगळ्यांइतकाच मोलाचा वाटतो.

तो मुरला नाही, हे 1976 मध्ये दिसलं. आणीबाणीत स्थानबद्धाला हायकोर्टाचं दारसुद्धा बंद, असं पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले, एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. दोनच वर्षांनी मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात कोर्टाने पद्धत न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असं ठरवलं, आणि 44व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद 21 ला हात लावायला बंदी केली. 1976 चा निकाल रीतसर पुसला गेला तो 2017 मध्ये.

आता प्रश्न कच्च्या कैद्यांचा आहे. आपल्या तुरुंगांतले चारांपैकी जवळजवळ तीन कैदी तेच. बिहारमधल्या अशाच कैद्यांच्या खटल्यात, 1979 मध्ये, कोर्टाने खटला लवकर चालणं हा अनुच्छेद 21 चाच भाग मानला. तरी आजही जामीन मंजूर होऊन जामीनदार नाही म्हणून माणसं आत राहतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं: पहिलाच गुन्हा असेल, फाशी-जन्मठेपेचा नसेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर सुटकेसाठी अर्ज तुरुंग अधीक्षकानेच कोर्टाकडे करायचा. कैद्याच्या विनंतीची वाट न पाहता.