आमिषाचा दोष किती?

‘आमिष’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ ‘मांस’ इतका साधा आहे. सामिष आणि निरामिष या शब्दांत तो अजून टिकून आहे. मराठीत मात्र आमिष ‘दाखवले’ जाते, आणि ते दाखवणारा माणूस बहुधा संशयास्पद असतो. नोकरीचे आमिष, लग्नाचे आमिष, दामदुपटीचे आमिष असे शब्द वर्तमानपत्रात रोज भेटतात. एका निरुपद्रवी शब्दाला हा डाग लागला तो गळामुळे. मांसाच्या तुकड्यात अणकुचीदार आकडा लपवण्याची युक्ती माणसाला फार प्राचीन काळी सुचली आणि तेव्हापासून खाऊ घालणे व फसवणे या दोन क्रिया एकाच हाताने होऊ लागल्या.

घिवलीपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर ही युक्ती पावसाळ्याच्या तोंडी पाहावयास मिळते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, मोठी माणसे जाळी विणीत बसतात आणि मुले दोरी व गळ घेऊन खडकांवर किंवा खाडीच्या काठी जातात. त्यांची दृष्टी असते शिंगाळ्यावर. हा मासा मिशाळ, खवले नसलेला, आणि पाठीवरच्या व कल्ल्यांमागच्या विषारी काट्यांमुळे हाताळण्यास अवघड. आपल्याकडचे पाणी गढूळ, तेव्हा डोळ्यांचा त्याला फारसा उपयोग नाही. परंतु मिशांवरच नव्हे, तर सर्व अंगभर त्याला चव कळणारे सूक्ष्म अवयव असतात. जणू सारे शरीर म्हणजे एक जीभच! म्हणून त्याचे आमिष डोळ्यांना दिसणारे नको, वास मारणारे हवे. कोळंबीची साले आणि तारलीची आतडी ठेचावयाची, कणकेत मळावयाची, पाण्यात गोळा विरू नये म्हणून त्यात थोडा कापूस कुसकरावयाचा, आणि मग सारे झाकणाच्या डब्यात घालून मुरू द्यावयाचे. हा डबा कोणतीही आई स्वयंपाकघरात येऊ देत नाही. अमेरिकेतील हौशी लोक याच जातकुळीच्या गोड्या पाण्यातील माशांसाठी जुने चीज, रक्त आणि कोंबडीचे काळीज कुजवून असाच डबा तयार करतात. दुर्गंधीचे शास्त्र सर्वत्र सारखेच आहे.

असे गोळे वळणारा एखादा मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गात कधीतरी विचारतो, “फादर, माशाला फसवणे हे पाप आहे का?” मुलांच्या अशा प्रश्नांना हसून वाटेला लावू नये असे आम्हांस वाटते.

शास्त्राचे उत्तर देणे कठीण नाही. असत्य म्हणजे मनात जे आहे त्याच्या विरुद्ध बोलणे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. मासा कोणाचे बोलणे ऐकत नाही व कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही, तेव्हा त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. युद्धात दबा धरून बसणे न्याय्य आहे काय, या प्रश्नाची चर्चा करताना त्यांनी आणखी एक भेद केला आहे. शत्रूशीही खोटे बोलू नये, त्याला दिलेला शब्द मोडू नये. परंतु आपला हेतू त्याच्यापासून लपवून ठेवणे हा अन्याय नव्हे. गळावरचा तारलीचा गोळा खरोखरच तारलीचा असतो. खोटे त्यात काही नाही, लपवलेले मात्र आहे.

तरीही मुलाचे समाधान झाले असे समजू नये. त्याला जे बोचते आहे ते असत्य नव्हे. भूक ही देवाने दिलेली जीवनरक्षक प्रेरणा. तिलाच आपण मरणाचा दरवाजा करतो, हे त्याला बोचते. चौथ्या शतकातील नीस्साचे बिशप संत ग्रेगरी यांना तर हा प्रश्न थेट देवाविषयी पडला होता. ख्रिस्ताच्या मानवी देहात त्याचे देवत्व गळासारखे झाकलेले होते आणि अधाशी माशाप्रमाणे सैतानाने आमिषाबरोबर तो गळही गिळला, असे चित्र त्यांनी रंगवले. मग देवाने फसवणूक केली काय? त्यांनी उत्तर दिले की अन्नात विष कालवणारा मारेकरी आणि अन्नात औषध कालवणारा वैद्य यांची कृती वरून एकच दिसते; त्यांचा निवाडा हेतूवरून होतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस संत अन्सेल्म यांनी ही सारी मांडणी बाजूस सारली व तारणाचा विचार निराळ्या पायावर उभा केला. ते बरेच झाले. गुळात कडू औषध देणारी आई आणि गळ टाकणारा माणूस यांना एका पंक्तीत बसवणे आम्हांस जमत नाही. गुळामुळे मूल बरे होते. गळामुळे मासा बरा होत नाही.

परंतु या सगळ्या वादात आम्हांला सर्वांत उपयोगी पडला तो शिंगाळाच.

समुद्रातील शिंगाळ्यांच्या कुळात अंडी सांभाळण्याचे काम नर करतो. मादी थोडीच, पण चांगली मोठी, लहान बोराएवढी अंडी घालते. नर ती तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडून स्वतः पोहू लागेपर्यंत तोंडातच वागवतो. हे काही आठवडे चालते, आणि त्या काळात तो जवळजवळ काहीच खात नाही. खाणार कसा? तोंडात लेकरे आहेत. या काळात त्याच्यापुढे कितीही मुरलेला, कितीही घमघमीत गोळा टाका, तो तोंड उघडीत नाही. आमिषाची सत्ता भुकेवर चालते. ज्याने लेकरांसाठी भूक बाजूला ठेवली आहे त्याच्यावर ती चालत नाही. आपण ज्याला कपट म्हणतो तो गळ या बापाला सोडून देतो.

जाळे सोडीत नाही. जाळे कोणाची भूक विचारीत नाही. १९८० च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी शिंगाळ्यांचे थवेच्या थवे वेढून काढले. त्यांत तोंडात अंडी असलेल्या नरांची संख्या मोठी होती. ओढाताणीत नर अंडी टाकून देतात, आणि अंड्यांचे ढीगच्या ढीग नासले. मत्स्यशास्त्रज्ञांनी त्याविषयी तेव्हाच लिहून इशारा दिला होता. बाप आणि पिढी एकाच वेढ्यात गेल्यावर पुढे मासा येणार कोठून? महाराष्ट्रात पर्ससीनवर कडक निर्बंध येण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

शुभवर्तमानातही हा फरक दिसतो. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील जाळे सर्व प्रकारचे मासे गोळा करते. चांगले-वाईट ही निवड काठावर, नंतर होते. गालीलच्या सरोवरातही एक मिशाळ मासा आहे. त्याला खवले नाहीत, म्हणून लेवीयच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे तो अशुद्ध, आणि फेकून दिल्या जाणाऱ्यांत तोही असणार. विषयांतर होईल, पण सांगतो: हाच मासा आपल्याकडे ‘थाई मांगूर’ या नावाने येऊन पोहोचला आहे. २००० साली त्याच्या पालनावर देशात बंदी आली, तरी सडके मांस खाऊ घालून त्याची तळी चोरून चालवली जातात आणि मत्स्य विभागाला ती वारंवार नष्ट करावी लागतात. ज्याला पेत्राच्या सोबत्यांनी हात लावला नसता तो आपल्या ताटात खुशाल येतो!

आता गळ निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २४१८) सांगतो. काटे मोडून शिंगाळ्याला खडकावर तडफडत ठेवणाऱ्या मुलाला हे सांगावयास हवे, आणि रविवारी मौजेखातर येणाऱ्या पाहुण्यांना तर अधिकच. पोटासाठी धरणारा व करमणुकीसाठी धरणारा यांना एकच माप लावता येत नाही. (१९१७ च्या धर्मनियमसंहितेने धर्मगुरूंना शिकारीचा नाद वर्ज्य केला होता, गोंगाटाची शिकार तर सर्वस्वी. गळाविषयी त्या नियमात काही नव्हते. आमच्यापैकी काहींनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.)

आमचे म्हणणे इतकेच की आपण नैतिक संताप आमिषासाठी राखून ठेवतो आणि जाळ्याला व्यवहार म्हणून सोडून देतो. पापनिवेदनाच्या तयारीसाठी छापल्या जाणाऱ्या पुस्तिका पाहाव्यात: फसवले काय, खोटे बोललात काय, लालूच दाखवली काय. माझ्या जाळ्याचे आसू किती बारीक होते, माझ्या वेढ्यात कोण कोण आले, हा प्रश्न त्यांत सहसा आढळत नाही. ज्याने एका शेजाऱ्याला फसवले तो मान खाली घालतो. ज्याच्या निर्णयाने शंभर घरे हलली त्याला फसवण्याची गरजच पडलेली नसते, म्हणून त्याचे मन स्वच्छ असते.

या किनाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून येथे आहे. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. उत्तरेस वाढवण येथील बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये कोनशिला बसली. तेथील मच्छीमार अनेक वर्षे विरोध करीत आले आहेत. विकास नको असे आम्ही म्हणू शकत नाही. आमच्याच धर्मग्रामांतील कितीतरी चुली केंद्रातील व बोईसरच्या कारखान्यांतील पगारावर पेटल्या आहेत. पण चर्चा होते ती नोकरीच्या व भरपाईच्या आमिषाचीच: कोण भुलले, कोणी किती घेतले. आमिषाला निदान ‘नको’ म्हणता येते. तोंडात लेकरे धरून बसलेल्याने ‘नको’ म्हटले तरी वेढा आवळला जातो, त्याविषयी बोलणारे थोडे.

मत्तयाच्या सतराव्या अध्यायात कराचा प्रश्न निघाला तेव्हा प्रभूने पेत्राला जाळे नव्हे, तर गळ टाकावयास सांगितले, आणि वर येईल त्या पहिल्या माशाचे तोंड उघडून पाहावयास सांगितले. त्यात नाणे होते. बाजारात जाळ्यातला मोठा शिंगाळा दिसला तर वाचकांनीही त्याचे तोंड उघडून पाहावे, आणि मुले बरोबर असली तर त्यांनाही दाखवावे. क्वचित आत अंडी असतात. मासळीवालीला विचारल्यास ती त्यांचा भाव वेगळा सांगते.