ऐकणारं मन



कर्नाळ्याच्या रानात पहाटे पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. झाडी दाट असते. डोळ्यांना काही सापडत नाही. आपलं बोलणं थांबलं, की एकेक साद कानी येते. आधी ऐकावं लागतं. मग दिसतं.

इथून जवळच, पनवेलला, बेथ एल सिनेगॉग आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचं हे प्रार्थनास्थळ. या समाजाने कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारची विश्रांती पाळली. हिब्रू धर्मग्रंथांतल्या कथा त्यांनी मराठी कीर्तनांतूनही सांगितल्या.

त्या ग्रंथांत शलमोन राजाची कथा येते. देव त्याच्या स्वप्नात येतो आणि हवं ते माग म्हणतो. शलमोन दीर्घायुष्य मागत नाही. धन मागत नाही. शत्रूचा नाशही मागत नाही. प्रजेला न्याय देता यावा म्हणून तो ऐकणारं मन मागतो. देव प्रसन्न होतो.

पुढे एका तान्ह्या बाळावर दोघीजणी हक्क सांगतात. राजा आधी दोघींचं ऐकतो. मग बाळाचे दोन भाग करून वाटून द्या, असं म्हणतो. तेव्हा बाळ वाचावं म्हणून जी आपला हक्क सोडते, तिच्या शब्दांत त्याला आई ऐकू येते.

श्रोतेहो, शहाणपण हे देवाचं देणं आहे. पण ते घ्यायला मनात जागा हवी. मीच खरा, या हट्टाने ती जागा भरून जाते.

आज घरात वाद झाला, कुणाची तक्रार आली, तर आधी ऐकावं. समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ द्यावं. मगच आपलं मत सांगावं. एवढं जमलं, तरी आपल्या हातून कुणावर अन्याय होणं टळेल.