भाड्याचं भिंग

आमच्या घरात लग्न ठरलं की ज्याचं त्याचं काम त्याला आपोआप चिकटतं. आत्याकडे रुसण्याचं खातं असतं, भावोजींकडे हिशेबाची वही हरवण्याचं, आणि माझ्याकडे फोटोंचं. वास्तविक माझ्याजवळ कॅमेरा आहे, यापलीकडे माझी पात्रता नाही. पण ज्याच्या घरी शिडी असते त्याला शेजारीपाजारी सुतार समजतात, त्यातलाच हा प्रकार.

२०२३ साली भाचीचं लग्न ठरलं आणि ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, फोटोग्राफर सांगितलाय, पण त्याला आपली माणसं काय ठाऊक? अंतरपाट बाजूला होतो ना, त्या क्षणाचा तिचा चेहरा तू काढ. नंतर मला बघता येईल. मी काही तिथे नसणार."

ताई तिथे नसणार, कारण आमच्याकडची रीत. बाहेर मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने ती बघायची नाहीत, आत तुळशीला पाणी घालत बसायचं. ज्या बाईने मुलगी तेहतीस वर्षं वाढवली, तिने तेवढा क्षण सोडून बाकी सगळं बघायचं. का, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. विचारलंच तर आत्या रुसते.

झालं! इतकी मोठी जबाबदारी आल्यावर कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेल्या १८-५५ च्या भिंगावर कशी भागणार? मी अभ्यासाला बसलो.

भिंगांच्या जगात शिरलेल्या माणसाला पहिला धक्का आकड्यांचा बसतो. तिथे आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. १.८ चं भोक मोठं, ५.६ चं लहान. पगारात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मग कळतं की हा भागाकार आहे. भिंगाची लांबी भागिले भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १.८ साठी २८ मिलिमीटरचं भोक पुरतं, पण २०० मिलिमीटरच्या भिंगाला नुसत्या २.८ साठी ७१ मिलिमीटर लागतं. म्हणून ते ७०-२०० चं २.८ वालं भिंग दुधाच्या बरणीएवढं असतं, वजन दीड किलोच्या आसपास आणि किंमत लाखाच्या पुढे. लाख रुपये म्हटल्यावर आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, "अहो, लग्न कुणाचं आहे?" त्यामुळे विकत घेण्याचा विषय तिथेच संपला आणि भाड्याचा सुरू झाला.

तीन उमेदवार होते. पहिलं रुंद भिंग. त्यात अख्खं कार्यालय मावतं. पण रुंद भिंगात कडेची माणसं ताणली जातात. म्हणजे कडेला उभ्या राहिलेल्या बाईचं वजन फुकटात दहा किलोने वाढतं. आमच्या घराण्यात मध्यभागी उभं राहण्यावरून आधीच एवढी भांडणं आहेत, त्यात ही भर नको म्हणून ते बाद.

दुसरं ५० मिलिमीटरचं. लहान, हलकं, स्वस्त. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच छायाचित्रकाराने जन्मभर बहुतेक याच भिंगावर काम केलं. पण त्यात झूम नसतो. माणूस जवळ हवा असेल तर आपणच दोन पावलं चालून जवळ जायचं. नातेवाइकांच्या बाबतीत मला ही अट फार जाचक वाटली.

तिसरं ते दुधाची बरणी. खरं सांगतो, माझा जीव त्याच्यावरच बसला होता. शेवटच्या रांगेत खांबाला टेकून उभं राहावं आणि व्यासपीठावरच्या माणसाच्या पापण्या मोजाव्यात! शिवाय त्याचा एक कौटुंबिक उपयोगही होता. लांबून असा फोटो काढला की मागची-पुढची माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. माझे दोन काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. लग्नात ते पंधरा फुटांचं अंतर राखून असतात. या भिंगात ते खांद्याला खांदा लावून उभे दिसले असते! जे आजोबांना जमलं नाही ते दीड किलो काचेला जमणार होतं.

पण इथे मनात एक किडा वळवळला. हा खोटेपणा नव्हे का? आणि दुसरं, लांब खांबाला टेकून पाहत राहणारा हा मामा लग्नाला आला होता असं म्हणायचं की नाही?

हा प्रश्न माझ्याआधी बऱ्याच मोठ्या मंडळींना पडलेला आहे. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. ऋषींना त्यातून जीव आणि परमात्मा सांगायचा होता. मला मात्र तो दुसरा पक्षी लग्नातला फोटोग्राफर वाटतो. सगळ्या पंगती उठेपर्यंत नुसता पाहतो, आणि शेवटी बसतो तेव्हा जिलबी संपलेली असते. पण परमात्म्याचं ठीक आहे, त्याला भाची नसते. दुसरा दाखला संजयाचा. त्याच्याकडे तर जगातलं सर्वांत लांब पल्ल्याचं भिंग, तेही बिनभाड्याचं. त्याला सगळं दिसलं. पण दिसत होतं तोवर एकाही मरणाऱ्याला त्याच्या हातून पाणी मिळालं नाही.

असा तत्त्वज्ञानाने जड होऊन मी भिंगं भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवर विशीतला मुलगा होता. दिवसाचे बाराशे, अनामत वेगळी, आधार कार्डाची प्रत, अशी माझी नेहमीची मानहानी झाल्यावर मी त्याला काकांची गोष्ट सांगून विचारलं, "भिंग असं खोटं कसं दाखवतं रे?"

तो म्हणाला, "काका, ते भिंगामुळे नाही होत. तुम्ही लांब उभे राहता म्हणून होतं. त्याच जागेवरून ५० ने फोटो काढा आणि मधला तुकडा मोठा करा, माणसं तशीच चिकटलेली दिसतील. भिंग फक्त किती घ्यायचं ते ठरवतं. कसं दिसणार, ते तुम्ही कुठे उभे राहता त्यावर."

मी गप्प झालो. उपनिषदाने जे सांगितलं नव्हतं ते या पोराने पावती फाडता फाडता सांगितलं होतं. एवढ्यात त्याने विचारलं, "लग्नात तुम्ही कोण?"

"मामा. मुलीचा."

"मग मंगलाष्टकांच्या वेळी तुम्ही तिच्या मागे उभे राहणार ना? पाठीचा फोटो काढायला २०० मिलिमीटर कशाला?"

आता सांगा! एक महिना मी भोकांचे व्यास काढत होतो, आणि मामाने कुठे उभं राहायचं असतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. की लक्षात आणायचं नव्हतं?

घरी येऊन ताईच्या लग्नाचा अल्बम काढला. १९८६ सालचा. अण्णांनी मित्राकडून आग्फाचा क्लिक थ्री मागून आणला होता. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून एकेक जपून काढलेला. ताई आहे, आई आहे, अर्ध्या चड्डीतून नुकताच बाहेर पडलेला मी आहे, आत्या रुसलेली आहे. अण्णा कुठेच नाहीत. एका फोटोत जमिनीवर त्यांची सावली तेवढी आली आहे. ताई अल्बम उघडते तेव्हा त्या पानावर थांबते. आम्ही सगळे अण्णांना दिसलो, पण त्या दिवसाचे अण्णा कुणालाच दिसले नाहीत. त्यांनी आपल्याला एवढं दिलं, असं मी इतके दिवस समजत होतो. त्या रात्री प्रथमच वाटलं, कदाचित रडू लपवायला त्यांनाही काहीतरी डोळ्यासमोर धरायला हवं होतं.

मी ताईला फोन केला. म्हटलं, "ताई, मला तो फोटो काढता येणार नाही. मी तिच्या मागे उभा राहणार आहे."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरोबर आहे रे. तुझी जागा तीच."

"आणि तू समोर उभी राहा. फोटो तू काढ."

"अरे, पण तुळस?"

"तुळशीला पाणी मी सकाळी घालतो. हवं तर दोन तांबे जास्त."

आत्या अर्थातच रुसली. पण ते तिचं ठरलेलं खातं असल्याने कामकाजात व्यत्यय आला नाही. मी ५० चं भिंग आणलं, कॅमेऱ्यावर चढवलं, ताईच्या गळ्यात अडकवलं आणि कुठलं बटण दाबायचं ते तीनदा दाखवलं. मग भाचीच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथून मला तिचा अंबाडा, अंतरपाटाची कड आणि समोर गर्दीतली ताई दिसत होती. शेवटच्या 'सावधान'ला अक्षता उडाल्या, अंतरपाट बाजूला झाला, आणि भाचीचे खांदे एकदा हलले. ते कुठल्याही भिंगात आलं नसतं. माझा हात तिच्या पाठीवर होता म्हणून कळलं.

रात्री मी कार्ड तपासलं. ताईने एकही फोटो काढला नव्हता.

"दाबायचं राहिलंच रे," ती म्हणाली. "मी बघत होते."

आमच्या हिने भाड्याची पावती पुढे करून विचारलं, "मग हे आणलं कशाला होतं?" त्याला उत्तर महिन्याभराने मिळालं. फोटोग्राफरचा अल्बम आला. त्यात एका पानावर ताई आहे. गळ्यात कॅमेरा, दोन्ही हात मोकळे, तोंड किंचित उघडं, आणि नजर समोर. पलीकडच्या पानावर मी आहे. डोळे मिटलेले, टकलावर अक्षता.

ताई म्हणते, अण्णा असेच दिसले असते.