चौक लिहिणाऱ्या सवाशिणी

हल्ली लग्नालाही ‘थीम’ असते. कुणी वारली चित्रांची निवडतं आणि सजावटवाल्याकडून छापील फ्लेक्स मागवतं. गंमतच आहे! पालघर-डहाणूकडच्या वारली घरात गेरू लावलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी स्वतः लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहितात. तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग, बांबूची ठेचलेली काडी, मधोमध पालघट देवी. खर्च जवळजवळ नाहीच. वेळ लागतो, माणसं लागतात. आपल्याकडचं रुखवतही मावश्या-आत्या मिळून असंच करायच्या. तो चौक देवीचा, शोभेचा नव्हे. त्याची नक्कल नको. पण तोरणाची पट्टी, पाट, अंतरपाट घरी नक्की रंगवता येतात. लग्नाला महिना उरला असेल तर कापड आणि रंग आजच आणा, भाचरांना कामाला लावा.