पौरुषेयाचे प्रामाण्य

जे आहे त्याचे ज्ञान आपल्याला कसे होते, या प्रश्नाइतकाच जे नाही त्याच्या अभावाचे ज्ञान कसे होते, हा प्रश्नही आपल्या दार्शनिकांनी महत्त्वाचा मानला आणि त्यावर शतकानुशतके वाद केला. कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेने अभावज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले आणि अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. प्रभाकरांच्या अनुयायांनी त्याला साफ इनकार केला. आणि नैयायिकांनी अभाव हा पदार्थ मान्य करूनही त्याच्या ज्ञानाची सोय प्रत्यक्षातच लावली. हा वाद आता वाईच्या प्राज्ञपाठशाळेसारख्या विद्यास्थानांत शास्त्राभ्यास करणाऱ्यांपुरता उरला आहे, असे सामान्यतः समजले जाते. मला तसे वाटत नाही. पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळूरच्या एखाद्या इमारतीत बसून ज्या तरुण-तरुणींना 'या प्रणालीत दोष आढळला नाही' असा शेरा आठवड्या-आठवड्याला लिहून द्यावा लागतो, त्यांच्या कामाच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न आहे. आणि आपल्या टेस्टिंगची पद्धत सुधारावी म्हणून ज्या संस्था नवी साधने विकत घेतात, नवे तक्ते आखतात व नवे अधिकारी नेमतात, त्यांनी त्या खटाटोपाआधी या प्रश्नाचा आपल्यापुरता निकाल लावणे अगत्याचे आहे.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारास असा सिद्धान्त मांडला, की चाचणीने दोषाचे अस्तित्व दाखवता येते, दोषाचा अभाव कधीही दाखवता येत नाही. त्यामागचे गणित कोणालाही पटण्यासारखे आहे. बत्तीस बिटांच्या दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज करणारा अगदी साधा प्रोग्राम समोर ठेवला आणि त्याला देता येण्याजोग्या संख्यांच्या सर्व जोड्या, सेकंदाला शंभर कोटी या वेगाने, तपासायला घेतल्या, तरी ते काम संपायला ५८० हून अधिक वर्षे लागतील. मग बँकेचा हिशेब ठेवणाऱ्या किंवा विमान चालवणाऱ्या प्रणालीची गोष्टच नको. सिद्धान्त म्हणून हे निर्विवाद आहे. परंतु व्यवहारात या सिद्धान्ताचा आधार घेऊन दोन परस्परविरुद्ध वृत्ती बळावलेल्या दिसतात. एक म्हणते, की पूर्ण खात्री अशक्यच असेल तर मुदतीत जेवढे होईल तेवढे करावे आणि सोडून द्यावे. दुसरी म्हणते, की चाचण्यांची संख्या वाढवत राहावे, कारण हजारापेक्षा दहा हजारांनी खात्री अधिक होणार. या दोहोंच्या मधली जी वाट आहे, ती मला मीमांसकांच्या विवेचनात सापडते.

त्यांचा नेहमीचा दृष्टान्त भूतलावरच्या घटाचा आहे. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, जमीन समोर मोकळी आहे, आणि घट दिसत नाही. अशा वेळी 'येथे घट नाही' हे ज्ञान यथार्थ होय. तीच खोली अंधारी असेल, तर घट न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून नुसती अनुपलब्धी हे प्रमाण नव्हे. 'येथे घट असता तर तो दिसला असता' असे ज्या स्थितीत निःशंकपणे म्हणता येते, त्या स्थितीतली अनुपलब्धी, म्हणजेच योग्यानुपलब्धी, हे प्रमाण. आणि ज्या गोष्टी स्वभावतःच इंद्रियांना दिसण्यायोग्य नाहीत, उदाहरणार्थ धर्म आणि अधर्म, त्यांच्याबाबत तर कितीही लख्ख उजेड असला तरी न दिसण्याचा काही उपयोग नाही. माझ्या मते सॉफ्टवेअरच्या चाचणीची सारी विद्या या एका 'योग्य' विशेषणात साठवलेली आहे. दोष आढळला नाही, एवढ्याने काही कळत नाही; तो असता तर आपल्या या तपासणीत आढळलाच असता काय, याचे उत्तर ज्याला देता येते त्यालाच काही कळले, आणि तेही त्या विशिष्ट दोषापुरते.

ही योग्यता म्हणजे काय, हे थेरॅक-२५ नावाच्या यंत्राच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही होत नाही. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने बनवले होते आणि कॅनडा व अमेरिका मिळून अशी ११ यंत्रे बसवली गेली. १९८५ ते १९८७ या काळात त्यांनी सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग दिला, आणि त्यांतले काही त्यामुळेच दगावले. टेक्सासमधील टायलर गावच्या रुग्णालयात मार्च १९८६ मध्ये असा अपघात झाला, तेव्हा पडद्यावर 'बिघाड ५४' एवढीच अक्षरे उमटली. कंपनीचे अभियंते आले, त्यांनी यंत्र तपासले, तो बिघाड पुन्हा घडवून पाहण्याचा प्रयत्न केला, आणि काहीही आढळत नाही असे सांगितले. यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये त्याच यंत्राने, त्याच तंत्रज्ञ स्त्रीच्या हातून, आणखी एका रुग्णाचा बळी घेतला. तेव्हा रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने यंत्र बंद केले आणि त्या तंत्रज्ञ स्त्रीला जवळ बसवून, तिने त्या वेळी नेमके काय केले ते बारकाईने आठवायला लावून, तो प्रसंग पुनःपुन्हा घडवून पाहिला. शेवटी उलगडा झाला. तिने किरणाचा प्रकार चुकून दुसराच लिहिला होता, चूक लगेच लक्षात आल्यावर वर जाऊन ती दुरुस्त केली होती, आणि रोजच्या सरावामुळे हे सारे आठ सेकंदांच्या आत आटोपले होते; तेवढ्या अवधीत यंत्रातले चुंबक जागेवर येण्याची क्रिया चालू असल्याने ती दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला कळली आणि दुसऱ्याला कळलीच नाही.

अभियंते अप्रामाणिक होते असे म्हणण्याचे कारण नाही. दोष असूनही त्यांना तो दिसला नाही, कारण ज्या वेगाने तो प्रकट होत होता तो वेग त्यांच्या बोटांत नव्हता. दिवसाकाठी अनेक रुग्णांची माहिती भरणाऱ्या हातांना तो अंगवळणी पडलेला होता. त्यांची अनुपलब्धी खरी होती, परंतु योग्य नव्हती. याच यंत्राच्या आधीच्या आवृत्तीत, थेरॅक-२० मध्ये, तोच दोष वर्षानुवर्षे नांदत होता. तेथे यांत्रिक अडसर असल्यामुळे फार तर फ्यूज उडे, रुग्णाला इजा होत नसे. नव्या यंत्रातून तो अडसर काढून टाकला गेला. म्हणजे ज्या 'इतक्या वर्षांत तक्रार नाही' या दाखल्यावर सर्वांचा विश्वास होता, तो दाखला अंधाऱ्या खोलीतला होता. ज्या संस्थेला आपली चाचणीपद्धती खरोखर सुधारावयाची आहे, तिने मला एवढेच सांगावे, की तिचे टेस्टर त्या प्रणालीवर प्रत्यक्ष राबणाऱ्या कारकुनाजवळ, परिचारिकेजवळ, गोदामातल्या हमालाजवळ कधी बसतात काय, आणि बसत असतील तर त्यांच्या हातांचा वेग, घाई, थकवा आणि सवयी टिपून घेतात काय. ते होत नसेल, तर कितीही चाचण्या रात्रभर आपोआप चालल्या आणि सकाळी सगळ्या हिरव्या दिसल्या, तरी त्या हिरवेपणाची किंमत मोठी नाही.

योग्यता मोजण्याची एक युक्तीही या विद्येत आहे, आणि तिचे मला फार कौतुक वाटते. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड या तिघांनी १९७८ साली मांडलेली म्युटेशन टेस्टिंगची पद्धत अशी, की चालू प्रोग्राममध्ये मुद्दाम लहान लहान चुका पेराव्यात, अधिकच्या जागी उणे लिहावे, 'पेक्षा मोठा' च्या जागी 'पेक्षा लहान' करावे, आणि मग आपल्या चाचण्या त्या पकडतात काय हे पाहावे. पेरलेली चूक ज्या चाचण्यांना दिसत नाही, त्यांनी न पेरलेल्या चुकीविषयी दिलेला निर्वाळा मानण्याचे कारण उरत नाही. घट आणून ठेवून तो दिसतो काय हे आधी पाहायचे, आणि मग रिकाम्या जमिनीविषयी बोलायचे, असा हा क्रम आहे. ही पद्धत यंत्राचा वेळ खाते हे खरे. परंतु ज्या भागावर लोकांचा पैसा किंवा जीव अवलंबून आहे तेवढ्यापुरती तरी ती न वापरण्याला मला समर्थन दिसत नाही.

आता दुसऱ्या, याहून जुन्या वादाकडे वळू. ज्ञान हे उत्पन्न होताच प्रमाण असते आणि बाध आला किंवा कारणात दोष दिसला तरच अप्रमाण ठरते, हे मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य. प्रामाण्य हे बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेली प्रवृत्ती सफल झाल्यावरून वगैरे, ठरते, हे नैयायिकांचे परतःप्रामाण्य. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेला एरियान-५ हा अग्निबाण उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, कारण एरियान-४ साठी लिहिलेला आणि तेथे निर्धोक ठरलेला एक प्रोग्राम तसाच उचलून नव्या, अधिक वेगवान यानात बसवला होता आणि नव्या यानाच्या मार्गाची आकडेवारी देऊन तो तपासला नव्हता. चौकशी मंडळाने यंत्रदोषाइतकेच बोट एका वृत्तीवर ठेवले: सॉफ्टवेअर दोषी दिसेपर्यंत निर्दोष मानावे, ही ती वृत्ती, आणि मंडळाने स्वच्छपणे तिच्या उलट पक्ष घेतला. त्या मंडळाला आपल्या दर्शनांचा गंधही नसेल, पण त्याने दिलेला निकाल परतःप्रामाण्याचा आहे.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाची किंमत माणसांनी तुरुंगात जाऊन मोजली. तेथील १९८४ च्या एका कायद्यान्वये संगणकाचा पुरावा दाखल करताना तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ते कलम १९९९ च्या कायद्याने रद्द झाले, आणि विरुद्ध पुरावा नसेल तर यंत्र बरोबरच आहे असे गृहीत धरण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षापासून तेथील टपालखात्यात होरायझन ही हिशेबप्रणाली बसवली जाऊ लागली. तिने दाखवलेल्या तुटीच्या आधारावर पुढील पंधरा-सोळा वर्षांत ९०० हून अधिक माणसांना, त्यांत बहुसंख्य लहान टपालकचेऱ्या चालवणारी, चोरी आणि खोटा हिशेब अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा झाल्या. भारतीय वंशाची एक स्त्री तर गरोदर असताना तुरुंगात गेली. प्रणालीतल्या ज्ञात दोषांची नोंद ठेवणारे दप्तर तिच्या पुरवठादाराकडे होते. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते हे मान्य केले, आणि २०२४ साली संसदेला स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मधल्या काळात जी माणसे कफल्लक झाली, ज्यांनी प्राण दिले, त्यांना हा निकाल उशिरा पोहोचला.

येथे मीमांसकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचे स्वतःप्रामाण्य कोणत्याही ग्रंथाला सरसकट निर्दोष ठरवण्यासाठी नव्हते. वेद निर्दोष का, तर तो अपौरुषेय आहे, त्याला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोष त्यात येण्याचा संभव नाही, अशी त्यांची युक्ती होती. ती मान्य असो वा नसो, तिच्यातूनच हे निघते, की ज्याला कर्ता आहे त्या वाक्यात कर्त्याचे दोष शोधलेच पाहिजेत. ते दोष परंपरेने चार सांगितले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. ग्राहकाची गरजच उलटी समजणे हा भ्रम, रात्री उशिरा थकून लिहिलेल्या ओळीतली नजरचूक हा प्रमाद, अपुरी साधने आणि अपुरी नजर हे करणापाटव. विप्रलिप्सा, म्हणजे फसवण्याची इच्छा, आपल्या कचेरीत नाही असे प्रत्येकाला वाटते; परंतु रिलीजची तारीख चुकू नये म्हणून गंभीर दोषाला किरकोळ म्हणून नोंदवणे, किंवा तो 'अपेक्षित वर्तन' आहे असा शेरा मारून तक्रार बंद करणे, हे तिचेच रूप आहे. सॉफ्टवेअर हे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पौरुषेय आहे. त्याला अपौरुषेयाचा मान देणारी संस्था मीमांसकांचा आधार घेऊ शकत नाही.

मग कचेरीत बदलावे काय? साधनांविषयी मला फारसे सांगायचे नाही. ती चांगली आहेत आणि दरवर्षी अधिक चांगली होत आहेत. बदलायला हवे ते नाते. गौतमाच्या न्यायसूत्रांनी संशयाला सोळा पदार्थांत स्थान दिले आणि चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी वितंडा. ज्या संस्थेत टेस्टरने किती बग काढले यावर त्याची बढती आणि डेव्हलपरचे किती बग निघाले यावर त्याची वेतनवाढ ठरते, तेथे वाद संभवतच नाही. पहिला क्षुल्लक दोषांचे ढीग लावतो, दुसरा प्रत्येक दोषावर हुज्जत घालतो, आणि दोघांच्याही श्रमांतून जल्पाखेरीज काही निपजत नाही. म्हणून माणसागणिक दोष मोजणे आजच बंद करावे. टेस्टरला कामाच्या शेवटच्या आठवड्यात न बोलावता गरजांचा मसुदा होतो त्या दिवशी बोलवावे, कारण पूर्वपक्ष आधी पूर्ण बळाने मांडल्याशिवाय आपल्या परंपरेत सिद्धान्त लिहिला जात नसे. ग्राहकांकडून आलेल्या तक्रारींचे दप्तर त्याच्यापासून दडवू नये. आणि त्याचे वेतन व मान डेव्हलपरपेक्षा कमी ठेवण्याची जी रूढी आपल्याकडे पडली आहे, ती मोडावी. संशय घेण्याचे काम हलके मानणाऱ्या संस्थेत संशय घेणारे टिकत नाहीत.

ज्यांच्या सहीवाचून प्रणाली लोकांपर्यंत जात नाही त्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. 'दोष आढळला नाही' असा अहवाल टेबलावर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी ज्याने तो लिहिला त्याला समोर बसवून विचारा, की कोणते दोष असते तर तुला नक्की दिसले असते, आणि कोणते दिसलेच नसते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने भीती न बाळगता द्यावे अशी व्यवस्था करा, ते उत्तर अहवालात लेखी घ्या, आणि ते वाचूनच सही करा किंवा नाकारा.