माल कुठं जातो

फेब्रुवारीत पोराकडे नाशिकला गेलो, तर त्याच्या दोस्तानं दिंडोरीकडची आपली द्राक्षबाग दाखवली. जात सॉव्हिनिऑन ब्लाँ, मूळची फ्रान्सची. आपण खातो ते लांबडं, बिनबियांचं द्राक्ष नव्हे. मणी बारीक, गोल, आत बिया. एक तोंडात टाकला, गोड होता. "काका, हे बाजारात कोणी विचारत नाही. हे वाइनचं," तो म्हणाला. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, मग मण्यातली साखर मोजून तोडायचा दिवस ठरवायचा. तोडणी पहाटेच्या गारव्यात, कारण ऊन लागलं की वास उडतो. वाइन झाली की तिला पेरूचा, कापल्या गवताचा वास येतो म्हणे. एवढी निगा आम्ही कपाशीची कधी केली नाही.

मले राहवलं नाही. "बाबू, लेकरावानी जपता अन् माल दारूले देता?"

माझा धाकटा भाऊ दारूनंच गेला. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्या बाजूलेच. दारू सोडा, हे त्यांचं सांगणं लहानपणापासून कानावर. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या दुकानांत वाइन विकायचं ठरवलं, तेव्हा पारावर सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो होतो.

पोरगं चिडलं नाही. "काका, तुमच्याकडं ज्वारी काळी पडते, ती कुठं जाते हो?"

मला पक्कं ठाऊक होतं. एका वर्षी परतीच्या पावसात हायब्रीड सापडली, सगळी काळी पडली. भाकरीले चालेना. व्यापाऱ्यानं काट्यावरच सांगितलं, दारूच्या कारखान्यात जाते म्हणून. मी पोते मोजून दिले, पैसे मोजून घेतले. त्यातूनच या पोराची फी भरली.

मनाशी म्हटलं, मी पेरली भाकरीसाठी, काळी केली पावसानं. यानं तर लावतानाच वाइन धरून वेल लावले. फरक आहे. पण तो फरक भावजयीसमोर मांडायची माझी छाती नाही. आपला माल कुठं जातो ते हा पोरगा चारचौघांत सांगतो. मी भावालेही सांगितलं नव्हतं. ज्वारी पुढं सोडली खरी, पण ती भाव नाही म्हणून. हेही लिहून टाकतो.

निघताना त्यानं दोन घड पिशवीत घातले. घरी बायकोनं धुऊन देवापुढे ठेवले.

"कोणती जात होय हे?"

"फ्रान्सची," एवढंच मी बोललो.