बिनभाड्याची खोली

अमेरिकेतल्या विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला फी माफ असते, पुस्तके मिळतात, राहायला खोली आणि जेवण मिळते. (हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखोटीला मारून खेळायचे.) करखाते मात्र या चार गोष्टींना एकाच तागडीत घालत नाही. 1986 च्या करसुधारणा कायद्यापासून फी आणि पुस्तकांपुरती शिष्यवृत्ती करमुक्त आहे, खोली आणि जेवणापोटी मिळणारी रक्कम करपात्र. हा नियम खेळाडूंसाठी मुद्दाम केलेला नाही, तो सगळ्याच विद्यार्थ्यांना लागू आहे. आणि म्हणूनच तो बोलका आहे. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था जिला ‘शिक्षणासाठी मदत’ म्हणत आली, तिच्यातल्या छप्पर आणि ताटाला सरकारी हिशेबनीस उत्पन्न म्हणतात. या खेळातल्या पैशांवर अमेरिकेत पुष्कळ लिहिले जाते. खोलीवर फार कमी लिहिले जाते. माझे म्हणणे असे की या धंद्याचे खरे स्वरूप खोलीतच दिसते. पगार द्यायचा नाही असे ठरल्यावर पगाराच्या जागी खोली आली, आणि खोली देणाऱ्याला मुलाच्या चोवीस तासांवर हक्क मिळाला.

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द कुठून आला ते पाहिले की गोष्ट उलगडते. डेन्व्हर विद्यापीठाचा एक खेळाडू सरावात जखमी झाला. विद्यापीठाने त्याला टेनिस कोर्टांच्या देखभालीचे काम दिले होते आणि ते फुटबॉल खेळण्याशी बांधलेले होते. 1953 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगार म्हणून भरपाई दिली. दोनच वर्षांनी त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू डोक्याला मार लागून गेला आणि त्याच्या पत्नीने तशीच भरपाई मागितली. 1957 मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे कारण दिले. मधल्या काळात एनसीएएचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी हा जोडशब्द घडवून सर्वत्र रूढ केला. खेळाडू कामगार ठरू नयेत म्हणून तो आणला, हे त्यांनीच निवृत्तीनंतर, 1995 च्या आपल्या पुस्तकात सांगून टाकले. आपल्याकडे तालमीतल्या मल्लाला राजाश्रय आणि खुराक मिळाला तर त्याला राजाश्रय आणि खुराकच म्हणत. त्याला विद्यार्थी म्हणायची कुणाला गरज पडली नाही.

आता खोल्या. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी 1960 च्या दशकात आपल्या संघासाठी स्वतंत्र वसतिगृह बांधून घेतले. त्याचा थाट असा की लोक त्याला ब्रायंट हिल्टन म्हणू लागले. मग दक्षिणेत आणि मध्य-पश्चिमेत चढाओढ लागली. मोठ्या हायस्कूलमध्ये चमकलेला सतरा वर्षांचा मुलगा भेटीला आला की त्याला मैदान दाखवायचे, कपाटातले चषक दाखवायचे आणि मग त्याची खोली दाखवायची. पगाराचा आकडा नियमाने बंद असल्यावर गालिचा, एसी आणि मांसाचे तुकडे हाच आकडा झाला. पण हे वाडे विद्यापीठापासून तुटलेले होते. 1989 च्या सुरुवातीला ओक्लाहोमा विद्यापीठातल्या खेळाडूंच्या वसतिगृहात गोळीबार झाला, सामूहिक बलात्काराचा गुन्हा घडला, आणि त्याच वर्षी तिथल्या नामांकित प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले. 1991 च्या अधिवेशनात एनसीएएने खेळाडूंची वेगळी वसतिगृहे बंद करायचे ठरवले, 1996 पर्यंतची मुदत देऊन. कोणत्याही वसतिगृहात खेळाडू निम्म्यांहून कमी हवेत, असा दंडक झाला.

निम्म्यांहून कमी म्हणजे 49 टक्के. या आकड्याची गंमत अशी की तो पुढे कमाल मर्यादेवरून लक्ष्यावर गेला. ओक्लाहोमातच 2013 मध्ये साडेसात कोटी डॉलर खर्चून हेडिंग्टन हॉल उभा राहिला. सुमारे 380 जणांची सोय, पैकी खेळाडू 49 टक्क्यांपर्यंत, बाकी साधे विद्यार्थी. त्याच वर्षी ऑबर्न विद्यापीठातही असेच एक महागडे वसतिगृह उघडले. या साध्या विद्यार्थ्यांना एक उत्तम इमारत मिळाली, याबद्दल तक्रार नाही. पण 1991 चा हेतू खेळाडूला चारचौघांत मिसळू देण्याचा होता. प्रत्यक्षात चारचौघांनाच खेळाडूच्या इमारतीत आणून बसवले, म्हणजे टक्केवारी जमली.

भरती आणि खोली यांचा संबंध कधी कधी फार काळा होतो. कोलोरॅडो विद्यापीठात डिसेंबर 2001 मध्ये भेटीला आलेल्या मुलांसाठीच्या एका पार्टीनंतर विद्यार्थिनींनी बलात्काराच्या तक्रारी केल्या. 2007 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यांचा विद्यापीठावरचा खटला पुन्हा चालू केला, कारण भेटीवर आलेल्यांना ‘मजा’ करू देणे हे तिथले धोरणच होते असे मानायला पुरावा होता. त्याच वर्षी विद्यापीठाने 28 लाख 50 हजार डॉलर देऊन तडजोड केली. मधे 2004 मध्ये एनसीएएने भरतीच्या भेटींवर खासगी विमाने, आलिशान हॉटेले आणि मेजवान्या बंद केल्या. लुईव्हिल विद्यापीठात बास्केटबॉल संघाच्या वसतिगृहातच भरतीच्या भेटीला आलेल्या शाळकरी मुलांसाठी बायका आणल्या जात होत्या. ते उघड झाल्यावर 2018 मध्ये 2013 चे राष्ट्रीय विजेतेपद पुसले गेले. अपवाद म्हणून हे सोडून देता येईल. मला मात्र यात एक सरळ रेघ दिसते: रोख द्यायची बंदी असते तेव्हा किंमत दुसऱ्या चलनात चुकती होते, आणि त्या चलनात कधी बायकांची शरीरेही धरली जातात.

रेगी बुश यांची कहाणी याच रेघेची दुसरी बाजू दाखवते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, 2005 चा हाइझमन चषकाचा (सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूच्या मानाचा) विजेता. होऊ घातलेल्या एजंटांनी त्याच्या आईला आणि सावत्र वडिलांना सॅन डिएगोजवळ घर दिले होते, भाड्याशिवाय. 2010 मध्ये विद्यापीठावर दोन वर्षे हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यांची बंदी आली, 30 शिष्यवृत्त्या गेल्या, बुश यांनी चषक परत केला. तो त्यांना एप्रिल 2024 मध्ये परत मिळाला. विद्यापीठाने मुलाला फुकट खोली दिली तर शिक्षण. बाहेरच्याने त्याच्या आईला फुकट घर दिले तर भ्रष्टाचार. एजंटांचा हेतू धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे कबूल. पण फरक छपरात नव्हता, छप्पर कुणाच्या मालकीचे यात होता.

मालकी म्हणजे काय, हे सर्वांत स्वच्छ शब्दांत एका सरकारी अधिकाऱ्याने लिहिले. मार्च 2014 मध्ये श्रम संबंध मंडळाच्या शिकागोच्या विभागीय संचालकाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे शिष्यवृत्तीवरचे फुटबॉलपटू कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. हंगामात आठवड्याला 40 ते 50 तास खेळासाठी जातात, हे त्यात आले आणि बातम्यांतही गाजले. कमी गाजले ते असे: पहिली दोन वर्षे मुलांनी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायचे, पुढे बाहेर घर घ्यायचे तर त्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम मिळे, पण भाडेकरारावर सही करण्याआधी तो मुख्य प्रशिक्षकाला दाखवून त्याची मंजुरी घ्यायची. कुठल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला विभागप्रमुख असे विचारतो? 2015 मध्ये केंद्रीय मंडळाने अधिकारक्षेत्र नाकारून प्रकरण बाजूला ठेवले. खेळाडू कर्मचारी नाहीत असे मात्र म्हटले नाही.

यावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांचा असतो. एकत्र राहिले नाही तर झोप, आहार, सराव यांचे वेळापत्रक बिघडते. अठरा वर्षांच्या मुलांना शिस्त लागते. यात तथ्य आहे. सैनिकही बराकीत राहतो. पण त्याला पगार मिळतो, दुखापतीची जबाबदारी सरकार घेते, आणि त्याला कुणी विद्यार्थी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गरीब घरातून आलेल्या मुलाला सुरक्षित खोली, पोटभर जेवण आणि पदवीची संधी मिळते, तुम्ही तिला मजुरी म्हणून हिणवता. हिणवत नाही. उलट मजुरी म्हटले की तिचा दर विचारता येतो. उपकार म्हटले की तो विचारता येत नाही. 2014 मध्ये कनेटिकटचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर याने आपण कधी कधी उपाशीच झोपतो असे सांगितले, तेव्हा काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरच्या मर्यादा उठवल्या. एवढे सोपे होते, तर इतकी वर्षे का अडले? 2013 मध्ये लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट या ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या संघाने बुरशी आलेल्या सुविधांना आणि लांबच्या बसप्रवासांना कंटाळून एका सामन्यावर बहिष्कार टाकला. हेडिंग्टन हॉल उघडला, त्याच वर्षाची ही गोष्ट. उपकाराचा दर सारखा नसतो.

तिसरा आक्षेप ताजा आहे: आता पैसा आला, मग जुनी खोली कशाला उकरता? खरे आहे, 1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमावू शकतात. जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली: मागच्या नुकसानापोटी सुमारे 2.8 अब्ज डॉलर, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा. जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा 2024 चा करार वर्षाला 1 कोटी 30 लाखांचा आहे, त्याशेजारी ही रक्कम ठेवून पाहावी. तिच्यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जातो, आणि फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅककडे. संघात 105 जण असू शकतात. आघाडीच्या वीसेक मुलांकडे वाटाघाट करणारे असतील. उरलेल्यांच्या वाट्याला थोडे पैसे, किंवा नुसती तीच जुनी खोली.

शिवाय आता मुले एका जागी राहत नाहीत. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, 2018 मध्ये सुरू झाले, आणि हंगाम संपला की हजारो नावे त्यात पडतात. काहींची त्यांच्या इच्छेने, काहींची नव्या प्रशिक्षकाने ‘तुझ्यासाठी जागा दिसत नाही’ म्हटल्यावर. अशा मुलाची खोली त्याच्या जागेला बांधलेली असते. शैक्षणिक वर्षाच्या मधोमध, थंडीच्या दिवसांत, तो एकोणीस वर्षांचा मुलगा नोकरीसोबत घरही गमावतो, आणि नोकरी होती हे कागदावर कुठेच नसते. नव्या करारांत किती डॉलर लिहिले यावर वकिलांचे लक्ष आहे. राखीव फळीतल्या लाइनमनने मात्र आधी एवढेच विचारून घ्यावे, की भाडेकरार कुणाच्या नावावर होणार आहे आणि संघ सुटला तर खोली सोडायला किती दिवस मिळतील.